वळवाचा वारा आणि अंगणातली जुनी झाडं

९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यातल्या पारस गावात वळवाच्या वादळात एक जुना कडुलिंब मंदिराच्या आवारातल्या पत्र्याच्या शेडवर कोसळला. शेडखाली जमलेल्या भाविकांपैकी सात जणांचा जीव गेला. एवढी मोठी दुर्घटना क्वचित घडते. पण मार्च ते जून या काळात सोलापूर, लातूर, जळगाव, नागपूर, पुणे अशा कुठल्या ना कुठल्या गावाहून झाड पडल्याची बातमी येतेच. बातमीपाठोपाठ दोन सूर ठरलेले. एक म्हणतो, वस्तीतली जुनी झाडं काढून टाका. दुसरा म्हणतो, झाडाच्या फांदीलाही हात लावू नका. दोघांचंही झाडाकडे लक्ष जातं ते झाड पडल्यावर.

प्रश्न या दोन सुरांच्या मधला आहे. सह्याद्रीच्या पूर्वेच्या कोरड्या महाराष्ट्रात, घराच्या, वाड्याच्या किंवा सोसायटीच्या आवारात तीस-चाळीस वर्षांपासून उभी असलेली झाडं कशी सांभाळायची? इथे ऑक्टोबरनंतर जमिनीत ओल टिकत नाही, आणि सात-आठ महिन्यांच्या कोरडेपणानंतर, झाड सगळ्यात थकलेलं असताना, वादळं येतात. त्यामुळे उन्हाळ्यातलं पाणी आणि वादळापासूनचा बचाव ही दोन वेगळी कामं मानून चालत नाही. गेल्या अर्धशतकात वृक्षशास्त्राने जे शिकवलं आणि आपल्याकडचे अनुभवी माळी जे सांगतात, ते एकत्र ठेवलं तर एक गोष्ट ठळक दिसते: झाड वादळाला टिकणार की नाही, याचा निकाल बहुतेक वेळा जमिनीखाली आणि काही वर्षं आधीच लागलेला असतो.

कोरड्या हवेतलं वादळ

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो; तिथून पूर्वेला माण-खटावपर्यंत जाताजाता तो पाचशेच्या आसपास उरतो. या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात आणि पुढे मराठवाडा-विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो. तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते, दुपारनंतर ढगांचे डोंगर उभे राहतात. ढगाखालची हवा मात्र कोरडी असते. पडणाऱ्या पावसाचा बराच भाग वाटेतच आटतो, त्या बाष्पीभवनाने हवा गार आणि जड होते आणि खाली कोसळून जमिनीलगत चारी दिशांना पसरते. म्हणून वळवात आधी धुळीचा लोट येतो, मग सोसाट्याचा वारा आणि पाऊस सगळ्यांत शेवटी. कधी कधी तर पाऊस येतच नाही, नुसता वारा झाडं पाडून जातो.

या वाऱ्याच्या तीन गोष्टी झाडाला महाग पडतात. पहिली, तो अचानक येतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. म्हणजे ताशी चाळीस किलोमीटरचा वारा काही क्षणांत ऐंशीवर गेला तर खोडाला आणि मुळांना चौपट ओढ सोसावी लागते. दुसरी, त्याला ठरलेली दिशा नाही. पावसाळी वारा पश्चिमेचा-नैऋत्येचा. झाड वर्षानुवर्षं त्या ओढीला तोंड देत वाढतं, तशी लाकडाची आणि मुळांची जोडणी करतं. वळीव पूर्वेकडूनही येतो, उत्तरेकडूनही. तिसरी गोष्ट वेळेची. कडुलिंबाची नवी पालवी मार्च-एप्रिलपर्यंत भरते, गुलमोहर मे महिन्यात फुलापानांनी ओथंबतो. वर वारा अडवणारा पूर्ण विस्तार आणि खाली सुकलेली जमीन, अशा अवस्थेत झाड वादळाला सामोरं जातं.

चक्रीवादळंही पूर्णपणे किनाऱ्याचीच राहत नाहीत. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या ‘निसर्ग’ने पुण्यातही झाडं पाडली. गारपिटीचा हिशोब वेगळा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा-विदर्भात झालेल्या गारपिटीने पिकांचं नुकसान झालं ते सर्वांना दिसलं. पण गारांनी फांद्यांची साल फाटते, त्या जखमांतून बुरशी शिरते आणि तिचा परिणाम पुढच्या पाच-दहा वर्षांत एकेक वाळकी फांदी होऊन समोर येतो.

जमिनीखालचा कारभार

झाड जेवढं वर तेवढंच खाली, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात मोठ्या झाडाची बहुतेक मुळं वरच्या साठ ते नव्वद सेंटिमीटर मातीत असतात आणि आडवी पसरतात, पानांच्या घेराच्या बाहेर, कधी कधी दुपटी-तिपटीने. खोल मातीत सोटमूळ बरंच खाली जातं, पण दख्खनच्या पठारावर खोल माती आहे किती ठिकाणी? बऱ्याच गावांत दीड-दोन फुटांवर मुरूम लागतो, त्याखाली काळा खडक. मुरमात खड्डा खणून, त्यात गाळाची माती भरून लावलेलं झाड पुष्कळदा त्या खड्ड्यातच घुटमळतं; तीस वर्षांनी ते कुंडीतल्या रोपासारखं, डोक्याने जड आणि पायाने आखूड, उभं असतं.

काळ्या जमिनीची तऱ्हा निराळी. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. या भेगा हात जाईल एवढ्या रुंद होतात तेव्हा त्यांच्यात आलेली बारीक मुळं तुटतात. पाणी शोषतात ती हीच मुळं. मग पहिल्या मोठ्या पावसाने तीच जमीन चिखल होते, आणि तेवढ्यात वारा आला तर मुळांची पकड सुटते. काळ्या जमिनीवरची झाडं मोडण्यापेक्षा उन्मळून पडताना अधिक दिसतात, त्यामागे हे एक कारण आहे.

निसर्गाने घातलेल्या या मर्यादांवर आपण सिमेंट ओततो. पेव्हर ब्लॉक खोडाला भिडवणं, बुंध्याभोवती काँक्रीटची गोल चौकट करणं, सोसायटीत गाड्या उभ्या करता याव्यात म्हणून माती रोलरने दाबणं, या सगळ्याने मुळांना हवा आणि पाणी दोन्ही मिळेनासं होतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांबाबत आदेश दिला, की बुंध्याभोवतीचं किमान एक मीटर काँक्रीट काढावं. पुढे देशभर त्या आदेशाचा आधार घेतला गेला. पण एक मीटर हा किमान दिलासा झाला. मोठ्या झाडाला किती जागा लागते, याचा वृक्षतज्ज्ञांमध्ये रुळलेला अंदाज असा: छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, खोडाचा घेर मोजायचा आणि त्याच्या साधारण चौपट त्रिज्येचं वर्तुळ मुळांसाठी राखायचं. दीड मीटर घेराच्या कडुलिंबाला सहा मीटर. त्या वर्तुळाच्या मानाने एक मीटर त्रिज्येचं आळं म्हणजे छत्तिसावा हिस्सा.

त्या वर्तुळात चर खणला की काय होतं, हे पाण्याची लाइन, ड्रेनेज किंवा कंपाउंडची भिंत घालताना कोणी पाहत नाही. एका बाजूची मुळं कापली गेली तरी झाड तीन-चार वर्षं हिरवं राहतं. पाणी उरलेल्या बाजूने मिळतं, पण आधार गेलेला असतो. बंगला पाडून इमारत बांधताना ‘झाड वाचवलं’ असं सांगितलं जातं तेव्हा पाया खोडापासून किती अंतरावर खणला, हे विचारायला हवं. शिवाय शेजारची इमारत किंवा सोबतची झाडं गेल्यावर आजवर आडोशाला वाढलेलं झाड एकदम उघड्यावर येतं. फ्लोरिडात चक्रीवादळांनंतर झालेल्या पाहण्यांत घोळक्याने वाढलेली झाडं एकट्या झाडांपेक्षा जास्त टिकल्याचं दिसलं. मुळांना जास्त जागा मिळालेली झाडंही तशीच टिकली.

पाराचंही भान ठेवावं लागतं. दगड-मातीच्या जुन्या पारातून पाणी झिरपतं. ग्रॅनाइट-टाइल लावलेला, आत मुरूम भरलेला नवा पार खोडाचा दोन-तीन फूट भाग पुरून टाकतो. वड-पिंपळ पुरलेल्या खोडातून नवी मुळं काढून निभावतात. आंबा किंवा कडुलिंबाची पुरलेली साल ओलीने कुजते. बुंधा जमिनीला टेकतो तिथे तो रुंदावत गेलेला दिसला पाहिजे. सरळ खांबासारखा मातीत शिरत असेल तर वर भर पडली आहे, असं समजावं आणि ती हाताने, मुळं न दुखावता काढावी.

पाणी: किती, कुठे, कधी

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा अंगणातल्या झाडांचा विचार कोण करणार? ते साहजिकच होतं. पण दुष्काळाचा हिशोब झाडं उशिरा चुकता करतात. पाणी कमी पडलं की आधी बारीक मुळं मरतात, खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत हवा शिरते, साठवलेलं अन्न खर्ची पडतं. पुढचे पावसाळे चांगले गेले तरी अशक्त झाडावर भिरूड, वाळवी आणि बुरशी यांचा जोर चालतो, आणि दुष्काळानंतर दोन-तीन किंवा पाच वर्षांनी ते वाळतं किंवा मोडतं. तोवर कारण विसरलेलं असतं आणि दोष त्या दिवशीच्या वाऱ्यावर जातो.

मोठ्या झाडाला पाणी द्यायची गरज नाही, हाही असाच समज. रानातल्या झाडाच्या बाबतीत तो खरा, कारण त्याच्या मुळांना पसरायला रान आहे. फरशीने वेढलेल्या झाडाला मार्च ते मे महिन्यांत तीन-चार आठवड्यांतून एकदा भरपूर पाणी लागतं. बुंध्याशी आळं करून पाणी देणं रोपाला ठीक. मोठ्या झाडाची पाणी पिणारी मुळं पानांच्या घेराच्या कडेला असतात. चार मीटर त्रिज्येचा घेर म्हणजे साधारण ५० चौरस मीटर. त्यातला निम्मा, म्हणजे कडेचा २५ चौरस मीटर भाग ४० मिलिमीटर पावसाइतका भिजवायचा तर हजार लिटर पाणी लागतं. उन्हाळ्यात तीन वेळा म्हणजे तीन हजार लिटर. शहरी पाणीपुरवठ्याच्या माणशी रोज १३५ लिटरच्या निकषाने पाहिलं तर चौघांच्या घराचं हे पाच-सहा दिवसांचं पाणी झालं. टँकरवर जगणाऱ्या वस्तीत ते ताजं कोणी देणार नाही, पण अंघोळीचं आणि भाज्या-भांडी धुतलेलं पाणी वळवलं तर जमतं. साबण फार असेल तर जागा बदलत राहावी. आरओ यंत्राचं टाकाऊ पाणी आणि खारट बोअरचं पाणी एकाच जागी सतत टाकलं तर क्षार साचून मुळं जळतात.

पाणी कुठवर पोचलं, हे बघायचा उपाय साधा आहे. पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी बोटाएवढ्या जाडीची लोखंडी सळई हाताने जमिनीत दाबायची. ओल्या मातीत ती सहज जाते आणि कोरड्या थराला टेकली की अडते. निदान दीड फूट गेली पाहिजे. चार-सहा इंचांवर अडली तर दिलेलं पाणी गवताने प्यायलं. लॉनमधल्या झाडांचं दुखणं इथेच आहे: रोज थोडं पाणी मिळाल्याने मुळं वरच राहतात. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातही कोरड्या उन्हाळ्यानंतर धुळीची वादळं आणि मोसमी पाऊस येतो. तिथल्या बागांमध्ये वाळवंटातल्या मेस्कीट झाडांना वारेमाप पाणी देऊन झपाट्याने वाढवलं गेलं आणि डोक्याने जड झालेली ती झाडं वादळात आडवी होऊ लागली. तिथल्या माळ्यांना मिळणारा सल्ला आपल्यालाही लागू आहे: खोलवर द्या, लांबवर द्या, मधे जमीन वाळू द्या.

पाण्याइतकंच मोल पाचोळ्याचं आहे. तीन-चार इंच पाचोळा पसरला, आणि खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडली, तर काळी जमीन कमी भेगाळते, ओल टिकते, गांडुळं वर येतात. आपल्याकडे जानेवारीपासून पाचोळा झाडून पेटवला जातो, तोही पुष्कळदा त्याच झाडाच्या बुंध्याशी. त्या धगीने सालीखालचा जिवंत थर मरतो, आणि काही वर्षांनी तिथेच ढोली सुरू होते. पुण्यात पाचोळा हवा असणारे आणि नको असणारे यांची गाठ घालून देणारं ‘ब्राउन लीफ’सारखं काम नागरिकांनी उभं केलं आहे; पण आपल्याच आवारात एक कोपरा त्यासाठी राखणं सगळ्यांत सोपं.

छाटणी: कुठे आणि केव्हा

छाटणीबद्दलचं आजचं शास्त्र मुख्यतः अमेरिकेच्या वनखात्यातले संशोधक ॲलेक्स शिगो यांच्या कामावर उभं आहे. त्यांनी हजारो झाडं करवतीने उभी चिरून आत कूज कशी पसरते ते पाहिलं आणि १९७७ मध्ये आपला सिद्धांत मांडला: झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड कुजलेला भाग आतून भिंती घालून वेगळा करतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवतं. ही भिंत चांगली पडावी म्हणून काप नेमका कुठे घ्यायचा, हा छाटणीतला मुख्य प्रश्न झाला.

फांदी खोडाला मिळते तिथे सालीचा फुगीर कडा दिसतो. काप त्या कड्याच्या लगेच बाहेर हवा. कडा कापून खोडाला सपाट केलं तर जखम मोठी होते आणि कूज खोडात शिरते. हातभर खुंट ठेवला तर तो वाळून कुजतो. मोठी फांदी तीन कापांत उतरवतात. पहिला काप खोडापासून फूटभर अंतरावर, खालून वर, एक तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या किंचित बाहेर, वरून खाली. फांदी इथे सुटते आणि खालच्या कापामुळे खोडाची साल सोलून नेत नाही. उरलेला हलका खुंट तिसऱ्या कापाने कड्याशी काढायचा. कोयता-कुऱ्हाडीने हे होत नाही, त्याला करवत लागते. आणि फांदी दोराने बांधून खाली सोडायला खाली माणूस लागतो.

नको असलेल्या दोन पद्धती सर्रास चालतात. एक, शेंडा मारून झाड बोडकं करणं. तोडल्या जागी फुटव्यांचं झुडूप येतं. ते जुन्या लाकडाशी वरवर जोडलेलं असतं आणि पाच-सात वर्षांत जाड होऊन तिथूनच सटासट मोडतं. म्हणजे भीतीपोटी केलेला उपाय पुढचा धोका तयार करतो. दुसरी, आतल्या सगळ्या बारीक फांद्या काढून फक्त टोकाला पानांचा झुपका ठेवणं. झाड ‘मोकळं’ दिसतं, पण वजन टोकाला जातं आणि फांदीचं हेलकावणं वाढतं. याउलट टोकाकडून, बाजूच्या तगड्या उपफांदीपर्यंत थोडी थोडी लांबी कमी केली तर वाऱ्याचा भार खरोखर घटतो. मोठ्या झाडाचा एका वर्षात चौथ्या हिश्श्याहून अधिक हिरवा भाग काढू नये. म्हाताऱ्या झाडाचा त्याच्या निम्म्यानेही नाही.

वेळेच्या बाबतीत नगरपालिकांचं आणि झाडांचं वेळापत्रक जुळत नाही. ‘मान्सूनपूर्व छाटणी’ एप्रिल-मे महिन्यांत होते. त्या वेळी झाडाने साठवलेलं अन्न नव्या पालवीवर खर्च केलेलं असतं. पानं काढल्यावर खोडावर थेट ऊन पडतं, साल भाजते आणि तडकते. वळवाची वादळं तर तोवर सुरूही झालेली असतात. पानगळीच्या सुमाराला, डिसेंबर-जानेवारीत, छाटणी केली तर नव्या पालवीच्या जोरावर जखमेभोवती लाकूड लवकर वाढतं आणि फांद्यांची रचनाही स्पष्ट दिसते. आंब्याचा अपवाद; त्याची छाटणी फळं उतरल्यावर. वाळकी, मोडकी, लटकलेली फांदी मात्र केव्हाही काढावी.

ढोली, वाळवी आणि औषधं

ढोली दिसली की झाड संपलं, असं नाही. खोडाचा गाभा मृत लाकडाचाच असतो. भार बाहेरचं निरोगी लाकूड पेलतं. जर्मनीतल्या कार्ल्सरूह इथले क्लाउस मॅथेक यांनी पडलेल्या आणि टिकलेल्या झाडांची तुलना करून ठोकताळा दिला: निरोगी भिंतीची जाडी त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश तरी हवी. साठ सेंटिमीटर जाडीच्या खोडाला दहा सेंटिमीटर. या ठोकताळ्यावर पुढे टीकाही झाली. एका बाजूने उघडी ढोली, कललेलं झाड, मुळांशी कूज अशा ठिकाणी तो पुरा पडत नाही. पण पोकळ झाड लगेच तोडण्याच्या घाईला त्याने आळा घातला, हे खरं.

आवाजावरून पुष्कळ कळतं. लाकडी हातोडीने बुंध्यावर चहूबाजूंनी, गुडघ्यापासून डोक्यापर्यंत ठोकत जावं. भरीव लाकूड टणक वाजतं, पोकळ भाग घुमतो, सुटलेली साल फडफडीत आवाज देते. त्यापुढे ध्वनिलहरींनी खोडाचा आडवा छेद दाखवणारी यंत्रं आहेत, पण ती चालवणारे आपल्याकडे थोडेच. नुसत्या डोळ्यांनीही धोक्याच्या खुणा दिसतात: बुंध्याशी फळीसारखी चिकटलेली कठीण बुरशी, दोन जाड खोडांच्या बेचक्यात उभी चीर, झुकलेल्या झाडाच्या पाठीमागे उचललेली माती. लहानपणीच कलून मग शेंडा सरळ वर नेलेलं झाड बहुधा मजबूत असतं. काल सरळ असलेलं झाड आज कललेलं दिसलं तर त्याखालची जागा आधी रिकामी करावी.

औषधांबाबत मतभेद आहेत. मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट कापावर लावायची आपल्या बागायतदारांची रीत आहे आणि कृषी विद्यापीठं फळबागांसाठी ती सुचवतात. शिगो आणि त्यांच्यानंतरच्या संशोधनाप्रमाणे लेप लावल्याने आतली कूज थांबत नाही. डांबर आणि ऑइल पेंट तर ओल कोंडून अपायच करतात. दोन्हीचा मेळ असा घालता येईल: फळझाडांवर ताज्या कापातून येणाऱ्या बुरशीसाठी बोर्डो ठीक, पण चुकीच्या जागी घेतलेला काप कुठलीच पेस्ट दुरुस्त करत नाही. ढोलीत सिमेंट भरणं मात्र आता निर्विवादपणे बाद झालं आहे. झाड हलतं, सिमेंट हलत नाही. मधे पाणी साचतं आणि कूज वाढते. गेरू-चुन्याचे पट्टे रात्री वाहनचालकांना दिसावेत म्हणून ठीक, झाडाला त्याचा विशेष उपयोग नाही.

वाळवी बहुधा मेलेलं लाकूड खाते, त्यामुळे ती रोगापेक्षा लक्षण जास्त. तेलंगणात महबूबनगरजवळच्या पिल्ललमर्री या प्रचंड वडाला २०१८ मध्ये सलाइनच्या बाटल्यांनी पातळ कीटकनाशक दिलं गेलं, मोठ्या फांद्यांना आधार दिले गेले. त्या झाडाच्या मोलाच्या मानाने तो खटाटोप योग्यच. घरच्या झाडावर मुलांच्या हाताशी विषारी बाटल्या लटकवण्याआधी वाळवी का आली, हे शोधावं. आंब्यातल्या भिरुडाची गोष्ट वेगळी, तो जिवंत लाकूड पोखरतो. खोडावरच्या भोकातून भुसा पडताना दिसला की तार घालून अळी काढावी, उशीर करू नये. बांडगुळाची फांदी ते फळण्याआधी, थोडी मागून कापावी. २०२१ च्या सुमारास तेलंगणात कडुलिंबाचे शेंडे मोठ्या प्रमाणावर वाळले, तेव्हा लोकांना झाडं मेली असं वाटलं. त्यामागे बुरशी आणि रस शोषणारा ढेकूण होता, आणि बरीच झाडं पुढच्या हंगामात पुन्हा फुटली. वाळलेलं दिसणारं झाड तोडण्याआधी नखाने डहाळीची साल खरवडून आत हिरवं आहे का, ते पाहावं.

जात, कायदा आणि माणूस

कोणतं झाड पडतं, यावर देशी-विदेशी असा वाद रंगतो. गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यातला, बूच ब्रह्मदेशाकडचा. तिघांचंही लाकूड ठिसूळ किंवा फांद्या फार लांब, हे खरंच. पण शेवगा आणि पांगारा इथलेच असून तेही तितकेच ठिसूळ. चिंचेचं लाकूड चिवट, तिची मुळं खोल. वादळात टिकण्याबद्दल तिचा लौकिक आहे. कडुलिंब कोरड्याला उत्तम, पण त्याचीही मुळं कापली आणि बुंधा कुजला तर तो पडणारच. त्यामुळे नवं झाड लावताना जात पाहावी. उभ्या झाडाबाबत मात्र जागा आणि जखमा पाहाव्यात.

ढोलीचं झाड राखण्याला आणखी एक कारण आहे. राखी धनेश, पिंगळा, पोपट यांना घरटं करायला जुनी ढोलीच लागते. खाली कोणी बसत नसेल, गाडी लागत नसेल, तर असं झाड उंची कमी करून राहू द्यावं. धोका झाडात आणि त्याखालच्या वावरात मिळून असतो. बाक, शेड किंवा पार्किंग दुसरीकडे हलवणं हा पुष्कळदा सगळ्यांत स्वस्त उपाय ठरतो.

शहरांमध्ये १९७५ चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. त्यात झाडाला इजा करणंही तोडण्यात मोडतं आणि परवानगी वृक्ष प्राधिकरणाकडून घ्यावी लागते, झाड स्वतःच्या अंगणातलं असलं तरी. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याची अट घातली. शहराबाहेर १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. आंबा, चिंच, जांभूळ, फणस त्याच्या यादीत येतात. हे कायदे तोडण्याभोवती फिरतात. मुळांवर काँक्रीट ओतणारा, चर खणणारा, पाचोळा पेटवणारा यांना परवानगी मागावी लागेल असं सहसा कोणाला वाटत नाही, आणि परवानगीचा कागद मिळाला की छाटणी कशी होते, हे पाहायला कोणी येत नाही.

वर्षाचं काम खरं तर थोडक्यात बसतं. पावसाळा संपल्यावर तपासणी, डिसेंबर-जानेवारीत छाटणी, फेब्रुवारीत पाचोळा, मार्च ते मे महिन्यांत पाणी, प्रत्येक मोठ्या वादळानंतर एक फेरी. सोसायटीने लिफ्टच्या देखभालीसाठी जशी तरतूद केलेली असते तशी झाडांसाठीही करावी आणि दरवर्षी काय दिसलं ते लिहून ठेवावं. झाडाचा कल किंवा चीर वाढतेय का, हे मागच्या नोंदीशिवाय कळत नाही. एखादं झाड काढावंच लागलं तर तेही या नोंदींच्या आधारे काढावं, शेजाऱ्यांच्या भीतीपोटी किंवा पानांच्या कचऱ्याला कंटाळून नको.

पण हे सगळं ज्ञान अखेर दोराने झाडावर चढणाऱ्या माणसाच्या हातात येऊन थांबतं. आज त्याला कुणी शिकवत नाही, त्याच्याकडे ना पट्टा असतो ना विमा. आणि अनेक ठिकाणी मजुरीचा काही भाग तोडलेल्या लाकडातूनच भागवला जातो. जितकी जाड फांदी उतरेल तितकं लाकूड जास्त, असा ज्याचा हिशोब आहे त्याने टोकाच्या बोटभर फांद्या निवडून काढाव्यात, ही अपेक्षा कशी धरायची? लाकडावरचा हक्क काढून त्याला दिवसाची रास्त मजुरी द्यायची, कुठे कापायचं ते आधी खुणा करून दाखवायचं आणि काप पाहून पैसे चुकते करायचे, एवढा बदल एखादी सोसायटी किंवा नगरपालिका या डिसेंबरपासूनही करू शकते. त्याला नव्या कायद्याची किंवा महागड्या यंत्राची गरज नाही.